उजवीकडं मऊ, डावीकडं कडक

आबांनी माझ्या ताटाशेजारी काळ्या रबराचा बुश ठेवला आणि म्हणाले, "दाब."

माझा उजवा हात आमटीत होता, म्हणून मी डाव्या अंगठ्यानं दाबला. तो दबला आणि अंगठा काढताच परत वर आला.

"बघितलंस? ह्याला दया हाय," आबा म्हणाले.

पंगतीच्या दुसऱ्या टोकाला दिनूकाका जेवत होते. त्यांनी खिशातनं हिरवा बुश काढला, फरशीवरनं माझ्याकडं घरंगळत सोडला आणि भिंतीकडं बघत म्हणाले, "वैजे, तुझ्या आबांना सांग, दया पाहिजे असंल तर माणसानं देवळात जावं. गाडीला ताठपणा लागतो."

आबा माझ्या समोरच बसले होते. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. पण आमच्या घरात ते ऐकलं असं धरत नसत, मी सांगेपर्यंत थांबावं लागायचं. म्हणून मी घास गिळला आणि सांगितलं, "आबा, काका म्हणतात गाडीला ताठपणा लागतो." मग आबांनी रागवायला सुरुवात केली.

हे आमचं कोल्हापूरचं घर. आबा आणि दिनूकाका सख्खे भाऊ, आई आणि मालनकाकू सख्ख्या बहिणी. काकांना मूलबाळ नाही आणि मला भावंड नाही, त्यामुळं दोघांत मिळून मी एकटीच पोरगी. लाड दुप्पट झाले आणि निरोपही दुप्पट वाहावे लागले. भावाभावांचा उद्यमनगरात गाड्यांचे बुश करायचा एकच कारखाना होता. बुश म्हणजे फार काही नाही. चाकाला ज्या लोखंडी आर्मनं गाडीशी धरून ठेवलेलं असतं, त्या आर्मच्या टोकात बसणारी जाड बांगडीसारखी वस्तू. रस्त्याचा धक्का आधी ती खाते, मग गाडी आणि मग आपण.

आबा रबराचे करायचे. काकांच्या डोक्यात पॉली भरलं. पॉली म्हणजे रबरासारखंच दिसणारं, पण कडक, टिकाऊ, शर्यतीच्या गाड्यांत वापरतात ते. काकांनी पहिला नमुना आणून दाखवला तेव्हा आबांनी तो उचलला आणि कारखान्याच्या दारात बांधलेल्या म्हशीपुढं टाकला. म्हशीनं हुंगला आणि तोंड फिरवलं. "बघ," आबा म्हणाले. त्या दिवसापासून काकांनी वेगळं शेड घेतलं आणि दोघांचं बोलणं बंद झालं. एका म्हशीच्या मतावर एवढं मोठं भांडण उभं राहिलेलं मी तरी दुसरं बघितलेलं नाही.

यंत्रं वाटली गेली, कामगार वाटले गेले. दोन गोष्टी वाटायच्या राहिल्या. एक स्वयंपाकघर, कारण आई आणि काकू तिथून हलेनात. दुसरी कारखान्याची जुनी गाडी, कारण ती दोघांनी मला दिलेली होती. त्या गाडीचं मी काय केलं ते विचारू नका. इंजिन उघडून जोर वाढवला, स्प्रिंगा बदलून तिला जमिनीला टेकवली, मागची सीट काढून टाकली. गल्लीतनं निघाले की म्हशी पान्हा चोरायच्या. मी त्या गाडीतनं मोकळ्या मैदानावरच्या शर्यती मारत होते आणि आता आमच्या मूळ गावाजवळच्या वाघझरी घाटात चढाची शर्यत होती. घाटात पळवायची म्हणून गाडी तपासली, तर पुढचे चारही बुश फाटलेले निघाले.

मी आपली साधेपणानं जेवताना बोलून गेले, बुश बदलायला पाहिजेत. बास, तिथंच चुकलं.

आबांनी सांगितलं, घरच्या गाडीला घरचं रबरच बसणार. ती काकांचं पॉली लावून घाटात उभी राहिली, तर अख्ख्या उद्यमनगरात तोंड दाखवायची सोय नाही, त्याच दिवशी घरात भिंत घालायची. काकांनी माझ्याकडून उलट निरोप पाठवला की रबर बसलं तरी भिंत घालायची. मी म्हटलं, दोन्ही नको, पुण्याहून तिसऱ्याच कंपनीचे आणते. तर दोघांनी एकाच क्षणी हात धुतला आणि ताटावरनं उठले. कित्येक वर्षांत दोघांनी मिळून केलेली ती पहिली गोष्ट.

हे नुसतं बोलणं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी गवंडी आला. त्यानं फीत लावून घराचा मध्य काढला आणि खडूनं रेघ मारत मारत स्वयंपाकघरात शिरला. रेघ नेमकी शेगडीच्या दोन बर्नरांच्या मधनं गेली. आई मोठ्या बर्नरपाशी उभी होती, काकू बारक्यापाशी. दोघी लहानपणापासून एका ताटात जेवलेल्या. गवंड्यानं विचारलं, "ह्यो मोठा बर्नर कुणाच्या वाटणीला?" आईनं त्याच्या हातातला खडू काढून घेतला आणि काकूनं ओल्या फडक्यानं रेघ पुसली. मग दोघींनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. पण तो जाताना सांगून गेला की सिमेंट तयार आहे, कधीही बोलवा.

त्या रात्री आई माझ्या खोलीत आली. म्हणाली, "वैजे, तू काय घालणार ते मला कळत न्हाई. पर घर दोन करू नगंस."

मला गाडीतलं सगळं कळत होतं. घाटासाठी पॉली बरं, हेही कळत होतं. पण ते लावलं की आबांचा चेहरा दिसायचा. रबर लावावं म्हटलं की काका दिसायचे. मला सायकल शिकवताना ह्या माणसानं पाठीमागनं पळून पळून ढोपरं फोडून घेतली होती. काकूचं तर काय सांगावं, माझ्या वेण्या तिनं घातल्या होत्या. मला चक्क रडायला यायचं.

बातमी तोवर तालमीत पोचली. तिथं दोन तट पडले. सकाळी जोर-बैठका व्हायच्या सोडून पैलवान मंडळी अंगठ्यानं बुश दाबत बसली. वस्तादांनी दोन्ही बुश दाढेखाली धरून बघितले आणि गंभीरपणे सांगितलं की दोन्हीत दम आहे. दूधवाला मला विचारायचा, ताई, काय ठरलं? मी म्हणायची, तू आधी पाणी घालायचं बंद कर, मग सांगतो.

शेवटी काकूनं तोडगा काढला. देवीला विचारायचं, कौल लावायचा.

आमची देवी जाखाई, वाघझरीतच. कौल लावतात तो असा, की गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यानं एकेक पाकळी चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि मग सगळे गप्प बसून बघत राहतात. जी पाकळी आधी पडेल ते देवीचं उत्तर. लग्न करावं का, विहीर कुठं पाडावी, असलं विचारतात. बुश कुठले घालावेत हे विचारायला आलेले आम्हीच पहिले असणार.

आबा देवीच्या उजव्या अंगाला बसले, काका डाव्या. गुरव म्हातारा, दामू नावाचा. त्यानं आधी पॉली म्हणजे काय ते विचारलं. काकांनी समजावून सांगायला घेतलं, तर त्यानं हात वर केला. म्हणाला, देवीला एवढं लांबलचक कळवता येत न्हाई. मग हात जोडून त्यानं गाऱ्हाणं घातलं, "आई, पोरगीच्या गाडीला मऊ घालावं का कडक घालावं ते लेकरांस्नी सांग. मऊ असंल तर उजवी दे, कडक असंल तर डावी दे."

आम्ही बसलो. देवळात एक माशी फिरत होती, तिच्यावरही आबा डोळा ठेवून होते, ती काकांच्या बाजूनं बसू नये म्हणून. बराच वेळ काहीच झालं नाही. माझे पाय झोपले. आणि मग दोन्ही पाकळ्या एकदम पडल्या.

एकदम म्हणजे एकदम. आबा म्हणाले उजवी आधी. काका भिंतीला म्हणाले डावी आधी. दामू गुरवानं दोन्ही पाकळ्या उचलून उलटसुलट करून बघितल्या. त्याच्या जेवणाची वेळ टळून गेली होती. तो म्हणाला, "आईनं दोन्ही दिल्यात. उजव्या अंगाला मऊ, डाव्या अंगाला कडक. उठा आता."

आई आणि काकूनं लगेच डोकं टेकलं. भिंत टळली होती. आबांनी उजवी बाजू मिळाली म्हणून मान्य केलं आणि काकांनी निम्मी तरी मिळाली म्हणून.

मी म्हटलं, "अहो, गाडी हाय ही. एका बाजूला रबर आणि एका बाजूला पॉली असं जगात कुणी घालत न्हाई."

आई म्हणाली, "माझा उजवा गुडघा बघ आणि डावा बघ. सारखं हायत का? चालतो न्हवं मी?"

आबा आणि काका, दोघंही सारी हयात बुश करण्यात घालवलेली माणसं. असं करणं चूक आहे हे त्यांना माझ्याहून जास्त कळत होतं. दोघांनी माझ्याकडं बघितलं, मग वरती देवळाच्या आढ्याकडं बघितलं. पण आपली बाजू सोडायची कुणी? कुणीच सोडली नाही. सोमवारी उजव्या आर्ममध्ये रबर बसलं आणि मंगळवारी डाव्या आर्ममध्ये पॉली.

आणि काय सांगू, ती गाडी चालवणं म्हणजे घरात राहण्यासारखंच होतं. डावीकडं वळवली की सगळा भार उजव्या चाकांवर, म्हणजे रबरावर यायचा. मग गाडी आधी झुकायची, विचार करायची आणि सावकाश वळायची. आबांना काही सांगितलं की ते ऐकतात तशी. उजवीकडं वळवली की भार डाव्या चाकांवर, पॉलीवर. मग स्टिअरिंगला हात लागायच्या आत गाडी वळलेली असायची, वाक्य संपायच्या आत काका उठून निघतात तशी. सुरुवातीला दोनदा मी शेतात गेले. पण तीन-चार दिवस घाटाच्या रस्त्यावर घासून घासून मला सवय झाली. डावं वळण असलं की आधीपासनं फिरवायला घ्यायचं, उजवं असलं की शेवटपर्यंत थांबायचं. हात आपोआप तसे वागायला लागले. मला थोडा माजही आला. म्हटलं, ह्या दोघांना सांभाळून घेतलं, आता घाट काय मोठा.

शुक्रवारी आबा म्हणाले, मला घेऊन एक चक्कर मार. मारली. ते नुसते दारावरचं कडं धरून बसले. उतरताना एवढंच विचारलं, "रोज अशीच पळवतीस?" मग काका बसले. त्यांनी तर डोळेच मिटून घेतले.

शनिवारी आम्ही सगळे गावात मुक्कामाला गेलो. गाडी आमच्या शेतातल्या शेडमध्ये लावली. दुपारी जेवणं झाली, मी आडवी झाले. आबा म्हणाले, चाकांतली हवा बघून येतो. ते हात काळे करून परत आले, तसे काका म्हणाले, गाडी जरा पुसून घेतो. तेही हात काळे करून परत आले. मी अर्धवट झोपेत होते. आपल्या गाडीचे किती लाड चाललेत, असं मला वाटलं आणि मी कूस बदलली.

रविवारी सकाळी घाटाच्या पायथ्याला ही गर्दी. अधिकाऱ्यांनी माझं हेल्मेट बघितलं, पट्टे ओढून बघितले, ब्रेक बघितले. बुश कोण बघतो? पहिली दोन वळणं सपाटीवरच, भातकापणी झालेल्या शेतांच्या मधनं होती आणि घाट त्याच्या पुढं सुरू होत होता. दुसऱ्या वळणावर रस्त्याच्या ह्या अंगाला आबा उभे होते आणि त्या अंगाला काका. आई आणि काकू डबे घेऊन वरच्या वळणावर बसलेल्या.

झेंडा पडला. मी सुटले.

पहिलं वळण डावं. मी सवयीनं आधीच फिरवायला घेतलं. गाडी झुकली नाही, विचार केला नाही, ताडकन वळली आणि नाक थेट आतल्या चरीकडं. कसंबसं ओढून रस्त्यावर आणलं. माझं डोकंच चालेना. तोवर दुसरं वळण आलं, उजवं. मी सवयीनं शेवटपर्यंत थांबले आणि मग स्टिअरिंग फिरवलं. गाडी आरामात झुकली. सावकाश विचार करायला लागली. तिचा विचार संपायच्या आत रस्ता संपला. आम्ही शेताचा बांध चढलो आणि भाताच्या पिंजराच्या गंजीत काचेपर्यंत घुसलो.

गाडीचं पोट बांधावर आणि पुढची दोन्ही चाकं अधांतरी. मला काही लागलं नव्हतं. मी पट्ट्यांत अडकून पुढं लोंबकळत होते आणि तोंडात पिंजर गेलं होतं.

आबा माझ्या खिडकीशी पोचले, काका दुसऱ्या. दोघांची तोंडं पांढरीफटक पडलेली. दोघांनी एकदमच विचारलं, "वैजे, लागलं का गं?" मी मान हलवली. ते कळल्याबरोबर आबांना कंठ फुटला. "तुझ्या काकाला विचार, काय घातलं हुतं त्यानं गाडीत?"

काका म्हणाले, "तुझ्या आबांना सांग, आधी आपल्या बाजूचं बघा म्हणावं."

मी लोंबकळत होते. तरी सवयीनं मी काकांकडं मान वळवली आणि म्हटलं, "आबा विचारतात, काय घातलं हुतं..." आणि मग मला हुंदका आला. राग असा आला की काही विचारू नका. मी ओरडून म्हटलं, "सगळं उलटं झालं. डावीकडं झटकन वळली आणि उजवीकडं रेंगाळली. काय केलंसा तुम्ही माझ्या गाडीला?"

आबा गाडीला वळसा घालून डाव्या चाकाखाली वाकले. तिथं काकांचं पॉली होतं, त्याची चूक पकडायला. काका उजव्या चाकाखाली वाकले, आबांच्या रबराची चूक पकडायला. दोघंही पिंजर सारून पाठीवर पडून आत सरकले. मला मान वाकवून खिडक्यांतनं दोघांचे फक्त पाय दिसत होते, दोन बाजूंना दोन जोड.

मग आबांचा आवाज आला. तो माझ्यासाठी नव्हता.

"दिन्या, हितं तर रबर हाय."

"आणि हितं पॉली हाय," काका म्हणाले. "माझं."

"तुझं पॉली काढून रबर कुणी घातलं?"

काका म्हणाले, "मी. काल दुपारी, आर्मसकट बदललं. म्हटलं, दोन्हीकडं तुझं असंल तर गाडी एकासारखी तरी चालंल. पोरगी घाटात जाणार हुती." मग त्यांनी विचारलं, "आणि हिकडं?"

"माझ्या मनात तेच आलं," आबा म्हणाले. "मी तुझ्या आधी येऊन गेलो. म्हटलं, माझं मऊ ऱ्हाऊ दे बाजूला, तुझं कडक दोन्हीकडं असंल तर ती सुखरूप वर जाईल."

पायांचे दोन्ही जोड हलायचे थांबले होते. वर रस्त्यावर लोक जमले होते. कुणीतरी दोर आणा म्हणत होतं.

"माझा माल तुला मिळाला कुठनं?" काकांनी विचारलं.

"दुकानातनं विकत आणला."

"विकत? दादा, मागितला असतास तर दिला नसता व्हय?"

"मागणार कसा? बोलत कुठं हुतो आपण?"

ह्यावर काका हसले का रडले ते मला वरनं कळलं नाही. पण गाडी थोडी हलली. मग आबांचा आवाज आला, "आणि हे काय रं, बुश असा दाबतात? तोंड वाकडं बसलंय. माझ्या हाताखाली एवढी वर्षं काढलीस, हेच शिकलास?"

"रात्री चोरून दाबलाय, उजेड हुता का? आणि तू ह्यो बोल्ट किती आवळलायस ते बघ. पॉलीला एवढा पिळत्यात व्हय? मर्यादा असती काहीतरी."

"मला काय ठाऊक तुझ्या पॉलीचं? सांगितलंस कधी?"

"ऐकलं असतंस तर सांगितलं असतं."

"मग आता सांग की. ऐकतोय न्हवं?"

काका सांगायला लागले. ग्रीस कुठलं लावायचं, किती लावायचं, बोल्ट किती पिळायचा. आबा मधे मधे "असं व्हय" म्हणत होते आणि मधे मधे भांडत होते.

एवढ्यात आई आणि काकू वरच्या वळणावरनं पळत आल्या. पदर सुटलेले, पायांत चपला नाहीत. आईनं दार ओढून उघडलं, पिंजर बाजूला केलं आणि माझ्या छातीवरचा पट्टा सोडवायला हात घातला. माझ्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं. काकू विचारायला लागली, कुठं दुखतंय, काय झालं, बोल की.

मी आईचा हात धरला.

"थांब आई," मी हळूच म्हटलं. "काढू नगंस मला. बोलायलेत ते."

आईनं खाली बघितलं, गाडीच्या दोन बाजूंनी बाहेर आलेले चार पाय बघितले. काकूनंही बघितलं. मग दोघी तिथंच पिंजरावर बसल्या, एकमेकींचा हात धरून, आणि ऐकत राहिल्या.